धप्प

मुद्रितशोधक पोट धरधरून हसत होता आणि हॉस्पिटलच्या पलंगाशेजारी बसलेली त्याची बायको धास्तावून त्याच्याकडे बघत होती.

डोक्याच्या ऑपरेशनला आज नववा दिवस. उजवा डोळा अजून सुजलेला. हातात बहिणीचा फोन, आणि फोनवर रोज नवी येणारी एक चित्रमालिका. ढेरपोट्या माणूस चिखलात घसरतो. वर लाल ढब्बू अक्षरांत ‘धप्प’. पुढच्या चौकटीत त्याच्या अंगावर त्याचा कुत्रा पडतो. पुन्हा ‘धप्प’.

“अगं, बघ तरी!” त्यानं डोळे पुसले. “कुत्रासुद्धा!”

“दादा हसायला लागला गं वहिनी,” नणंद म्हणाली. “सुटलो बाई.”

वहिनीनं नुसती मान हलवली. हा माणूस ‘धप्प’ला हसणाऱ्यातला नव्हता. चित्रात आवाज लिहावा लागला म्हणजे चित्रकार हरला, असं ठणकावून सांगायचा. त्याला आवडायच्या त्या तीन चौकटींच्या, बिनशब्दांच्या पट्ट्या. त्या बघूनही तो हसायचा म्हणून नाही. नाकातून एक ‘हं’ यायचा, बस्स. पण मग दिवसभर स्वारी खूश.

डॉक्टर आले. त्यांनी त्याला नाव विचारलं, वार विचारला, सातचा पाढा म्हणायला लावला. एकही चूक नाही.

ती त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. “डॉक्टर, हे भलत्याच गोष्टींना हसतात हो.”

“हसतात ना?” डॉक्टर म्हणाले. “मग झालं तर!” आणि ते पुढच्या खोलीत शिरले.

नणंद चहा आणायला खाली गेली, तशी तिनं पिशवीतून त्याची कात्रणांची वही काढली. घरून निघताना कपड्यांच्या आधी तिनं तीच उचलली होती. तरी इतके दिवस उघडायचा धीर झाला नव्हता. आता तिनं त्याचं सगळ्यांत लाडकं पान काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

पहिल्या चौकटीत एक माणूस घराला बाहेरून कुलूप लावतो. दुसरीत ते ओढून बघतो. तिसरीत तोच माणूस त्याच घराच्या खिडकीतून बाहेर बघत उभा.

तो पट्टीकडे बघत राहिला. ती त्याच्या नाकाकडे. एक ‘हं’, देवा. एवढासा चालेल.

“हा बाहेर होता ना?” त्यानं विचारलं. “मग आत कसा गेला?”

तिनं वही त्याच्या आणखी जवळ सरकवली.

“कुलूप तर लागलंय.” तो चौकटीवरून बोट फिरवत होता. “यात हसायचं काय?”

“काही नाही. जुनंच आहे ते.” तिनं वही मिटली. ती पिशवीत कोंबताना एक कात्रण सुटून पलंगाखाली गेलं. ते उचलायला ती वाकली नाही. वाकली असती तर तिथेच रडली असती.

“ते राहू दे. हे बघ.” त्यानं फोन तिच्यासमोर धरला. शिडीवरून रंगाचा डबा सुटतो आणि ढेरपोट्याच्या डोक्यात टोपीसारखा बसतो. तो आशेनं तिच्याकडे बघत होता.

ती हसली. मोठ्यांदा, दात दाखवून, मांडीवर थाप मारून हसली. समोरच्या पलंगावरच्या आजींनी कूस वळवून पाहिलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यानं फोन चादरीवर पालथा ठेवला आणि तिचं मनगट धरलं.

“पाहुणे कधी एकदा उठतात असं झालं की हसतेस, तसं नको ना हसूस,” तो हळूच म्हणाला. “मला भीती वाटते.”