बोटावरची शाई

"ठराव पडला. एका मताने," इस्त्री उभी करत सून म्हणाली.

सासूबाई सदऱ्याच्या कॉलरमध्ये खूण घालत होत्या. काडी तिथेच थांबली, शाईचा डाग पडला.

घरच्या लॉन्ड्रीतल्या कपड्यांवर खुणा घालायचं काम त्यांचंच. लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंना दोन ठिपके, न्हाव्याला फुली असं त्यांनी ठरवून टाकलेलं. शाईच्या बाटलीला त्या कुणाला शिवू देत नसत. कागदपत्रांचं सगळं नवरा बघायचा. तो गेल्यावर सासूबाईंच्या अर्धवट राहिलेल्या अर्जांसकट ते गाठोडं माळ्यावर गेलं ते गेलंच.

नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत असावं की नसावं, यावर परवा गावाने मतदान केलं होतं. सून लग्न करून दुसऱ्या देशातून आलेली. बारा वर्षं तिचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. आता नगरपालिका नातीची शाळा बंद करायला निघाली होती, आणि सुनेला तिथे बसलेल्यांना घरी पाठवायचं होतं.

"आई, तुमचं तेवढं एक मत," ती महिनाभर विनवत होती.

"बघू," एवढंच त्या म्हणायच्या.

आणि न्हाव्याच्या दुकानात त्याने सहज विचारलं, "काय मावशी, सुनेच्या बाजूने ना?" तर चार माणसांत त्या फणकारल्या, "ज्याच्या बोटाला शाई लागत नाही, त्याने गावच्या कारभारात नाक खुपसू नये!" दुकान हसलं. संध्याकाळी सुनेने त्यांना ताट वाढलं, पण बोलली नाही.

मतदानाच्या दिवशी त्या ठेवणीतली शाल पांघरून, पिशवी घेऊन, दरवेळेसारख्या एकट्याच पुलापलीकडे गेल्या. मतदार यादीत त्यांचं नाव म्हणे अजून जुन्या पत्त्यावरच होतं. मुलगा म्हणाला, "गाडीवरून सोडतो." त्यावर उत्तर तयार, "मत गुपित असतं रे बाबा, त्याला सोबत कशाला?" दुपारी बोट मिरवत परत आल्या.

"माझं मत असतं तर पारडं सारखं झालं असतं," सून आता म्हणाली. "किंवा तुमचं, आई."

"माझ्या एकटीच्या डोक्यावर फोडू नकोस खापर. गावात काय मीच एकटी राहते?"

"मग सांगा ना, 'हो'वर दिलंत म्हणून. सांगितलंत की विश्वास ठेवीन मी. शपथसुद्धा घालणार नाही."

सासूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. मग उगाच उघडून पुन्हा लावलं. पोरीने दुखण्यात त्यांचं अंग पुसलं होतं. शाळेपायी, नातीपायी तिचा जीव कसा तुटतोय ते त्यांना तिच्याहून जास्त ठाऊक होतं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण जिभेवर आलं ते भलतंच. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी जीभ ती.

"'नाही'वर दिलं," त्या म्हणाल्या.

सुनेचे डोळे भरले, पण तिने ते गळू दिले नाहीत. सासूबाईंचा हात हातात घेऊन तिने बोट उजेडात धरलं.

"तुमच्या मुलाची शाई काळी कुळकुळीत आहे अजून. तुमची बघा, दोन दिवसांत उडाली. बोटालासुद्धा लाज वाटली असेल."

"दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात असतात माझे," सासूबाई पुटपुटल्या.

सून नातीला आणायला शाळेकडे निघून गेली. दाराचा पडदा हलायचा थांबेपर्यंत सासूबाई बसून राहिल्या. मग त्यांनी खुणांची बाटली उघडली, काडी बुडवली, आणि आजवर प्रत्येक मतदानाच्या दिवशी पुलापलीकडच्या बाकावर एकटीने बसून ओढत आलेली रेघ बोटावर पुन्हा गडद केली.