समोरचा बँड

शहागंजच्या बोळात दोन वराती समोरासमोर आल्या. एका वरातीचा बँड युसूफचा होता, क्लॅरोनेट त्याच्याच हातात. समोरच्या बँडापुढं क्लॅरोनेट घेऊन त्याचा धाकटा भाऊ इलियास उभा होता.

अशा वेळी जो बँड आधी थांबेल त्यानं भिंतीला लागायचं आणि दुसऱ्या वरातीला वाट द्यायची, हा बँडवाल्यांचा रिवाज. घोड्यावरचे नवरदेव राहिले बाजूला, लढाई आता वाजवणाऱ्यांची.

"उस्ताद, खाली बघायला लावू नका आमाला. लई जोरात होऊ द्या!" युसूफच्या वरातीतल्या नवरदेवाचे वडील तात्यासाहेब फेटा सावरत ओरडले.

जोरात वाजवायचं तर छातीत दम हवा. युसूफची छाती दम्यानं पार पोखरली होती. गेले दोन मोसम तो कसाबसा रेटत होता. ही गोष्ट त्यानं साऱ्या शहरापासून लपवली होती, इलियासपासून तर कटाक्षानं.

निजामाच्या फौजेच्या बँडात दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून वाजवायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर फौज मोडली, तिचा बँडही मोडला. युसूफनं लग्नाचा बँड काढला आणि पाटीवर नाव घातलं फक्त आपलं. मोठेपणाची हौस, दुसरं काय! इलियास तडक उठला आणि समोरच्याच गाळ्यात स्वतःची पाटी लावून बसला. तेव्हापासून ईदेलाही दोघांची गळाभेट नव्हती.

युसूफनं धून उचलली. अंतऱ्यावर चढताना छाती शिट्टीसारखी वाजली, डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं फुंकलं, पुन्हा फुंकलं, हवाच निघेना. आता संपलं. भर बाजारात, तेही धाकट्यासमोर. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

पण धून थांबली नाही.

मुका क्लॅरोनेट तोंडात धरून त्यानं वर पाहिलं. इलियास आपली धून सोडून युसूफची वाजवत होता. फौजेत एकानं श्वास घेतला की दुसरा असाच सूर धरून ठेवायचा. इलियासचे साथीदार गोंधळले आणि एकेक करून गप्प झाले. वाजवत वाजवतच इलियास मागं सरला, भिंतीला लागला आणि मग थांबला.

बोळ मोकळा झाला. शेवटपर्यंत युसूफचीच धून कानी पडलेली, म्हणून लोकांना वाटलं, थोरल्यानं मैदान मारलं.

"वा उस्ताद!" तात्यासाहेबांनी युसूफची पाठ थोपटली. "जिरवली की त्याची!"

आयता मान पदरात पडला होता. नुसतं गप्प राहिलं असतं तरी लाज झाकली असती, धंदाही टिकला असता. युसूफनं भिंतीशी खाली मान घालून उभ्या असलेल्या इलियासकडे पाहिलं. मग धापा टाकत, जमेल तेवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "मी नाय वाजवलं, तात्यासाहेब. माझी छाती गेली. ते माझ्या भावानं वाजवलं."