चौदा नंबरची पाटी

“हेही नको,” शरद म्हणाला आणि दुसऱ्या घराचा फोटो त्यानं टेबलावर पालथा घातला.

प्रभानं राग गिळला. तिच्या धाकट्या भावानं, आशयनं, टोरांटोहून तीन घरांचे फोटो पाठवले होते. सोबत शाळांची माहिती आणि कुठून कामावर जायला किती मिनिटं लागतात त्याचा तक्ता. पोरगा पहिल्यापासून असाच, कोथिंबीर आणायला धाडला तरी यादी करणारा. कॅनडाचा व्हिसा हातात होता, पण नोव्हेंबर संपायच्या आत तिथं पोचलं नाही तर तो रद्द होणार होता. शनिवारपर्यंत आशयला घर कळवायचं होतं.

“पहिलं का नको, ते तरी सांगा. बसस्टॉप समोर. पस्तीस मिनिटांत तुम्ही कामावर.”

“रस्त्याच्या तोंडाशी आहे ते.”

“आणि हे? शाळा पाच मिनिटांवर. सुखदाचं आधीच एक वर्ष बुडालंय.”

“शाळेपाशी माणसं सारखी उभी असतात.”

त्यानं तिसरा फोटो पुढे ओढला. गल्लीतलं शेवटचं घर, मागे रान, अंगणात गुडघाभर बर्फ. कामावर जायला दीड तास. शाळेची बस तासभर हिंडून येणारी. शेजारी एकच म्हातारं जोडपं, तेही हिवाळाभर बाहेरगावी.

“हे बरंय. इथं कोण येतंय?”

“बट बाबा, दॅट्स सो फार,” दहा वर्षांची सुखदा म्हणाली. शरदचं लक्ष नव्हतं. तो आशयच्या पत्रातली एकच ओळ पुन्हापुन्हा वाचत होता. ‘इथं कुणाला पत्ता विचारावा लागत नाही, दारादारावर नंबर असतो.’

दुपारचे बारा वाजले होते आणि घरात दिवा लावावा लागला होता. युद्ध संपून सात-आठ महिने झाले, तरी दक्षिणेचा वारा सुटला की जळत्या तेलविहिरींचा धूर कुवेत शहरातल्या त्यांच्या बनेद अल-गार वस्तीपर्यंत यायचा. या धुरानंच नवरा असा झाला, अशी प्रभानं स्वतःची समजूत घातली होती. पूर्वीचा शरद वेगळा होता. सांगलीकडचा माणूस. इथलं त्यांचं घर कोपऱ्यावर, तळमजल्याला, त्यामुळे जो तो त्यांच्याच खिडकीशी येऊन पत्ता विचारायचा आणि हा भरल्या ताटावरून उठायचा. हातानं दाखवून याचं भागत नसे. चपला अडकवायच्या आणि त्या माणसाला थेट दारापर्यंत सोडून यायचं. इकडे आमटीवर साय धरायची. “लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस,” असं प्रभा म्हणायची, आणि तो हसायचा. युद्धानंतर भारतातून परत आल्यापासून मात्र खिडकीशी कुणी थांबलं की तो उठून आतल्या खोलीत जायचा.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात घुसलं, तेव्हा लोकांनी दोन दिवसांत रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर उपटून टाकले होते. सैनिकांकडे नावांच्या याद्या होत्या. नावं असली तरी घरं सापडू नयेत, एवढाच उद्देश. मागच्या गल्लीतल्या अबू तलालच्या घराचा नंबर शरदनंच स्टुलावर चढून काढला. अबू तलाल पोलिसात होता, त्याचं नाव यादीत असणारच. तरी तो स्टूल धरून हसत होता. “आता माझी बायकोसुद्धा घर चुकेल,” म्हणाला.

सप्टेंबरात एका दुपारी त्याला घरातून उचलून नेलं. तो अजून आलेला नाही. दीड महिना ‘आपल्याला कोण काय करतंय’ म्हणत बसलेल्या शरदनं त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या. बगदादमार्गे अम्मान, तिथून विमानानं मुंबई. देव पावला, असंच तेव्हा प्रभाला वाटलं होतं.

बेल वाजली. शरद उठून आत जायला निघाला, पण प्रभानं दार उघडलंही होतं. अबू तलालची बायको उभी होती. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती शरदला नेहमी मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, म्हणूनच हाक मारायची.

“मुहंदिस, तुम्ही सगळे जाणार असं ऐकलं,” ती अरबीत म्हणाली. तिनं कागद सोडला. आत चौदा नंबरची निळी पाटी होती. “सगळ्यांनी आपापल्या लावल्या. ही तू काढली होतीस, तूच लाव. तो परत आला तर त्याला घर सापडायला हवं.”

शरदनं हात पुढे केला नाही. शेवटी प्रभानंच ओशाळून पाटी घेतली. “पाठवते त्यांना,” असं तिनं मोडक्या अरबीत सांगितलं. ती बाई निघून गेली.

“दोन खिळ्यांचं काम हो,” प्रभा चिडून म्हणाली. “तिचा नवरा गेलं वर्षभर बेपत्ता आहे. तुम्हाला माणसांचं एवढं काय वावडं झालंय?”

शरदनं तिसरा फोटो हातात घेतला. मग त्यानं तो फोटोही पालथा घातला, चपला अडकवल्या आणि तिच्या हातातून पाटी घेतली. वर्षभरात प्रथमच तो असा आपणहून निघाला होता. प्रभाला बरं वाटलं.

“लावून लगेच या,” ती म्हणाली. “पानं घेते.”

“लगेच नाही जमायचं. आधी तिला सांगायचंय.” तो उंबऱ्यावर थांबला. पाटी त्यानं छातीशी धरली होती. “त्या दुपारी आलेल्या माणसाच्या हातात औषधांची पिशवी होती, प्रभा. बोलायला गोड होता. अबू तलालचं घर कुठलं, विचारलं त्यानं. मी दारापर्यंत सोडून आलो.”