सिदूअण्णाची बोली

"गल्लीतल्या एका गरजू कुटुंबाचं भाडं थकलंय. उद्या घरमालक त्यांचं सामान रस्त्यावर काढणार आहे," मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवर सांगितलं आणि गणपतीपुढचा मानाचा नारळ लिलावाला काढला.

सिदूअण्णा ताडकन उठून उभा राहिला. भाडं त्याचंही थकलेलं, पण दुसऱ्याचं दुःख त्याला कधी बघवत नसे. "पाचशे!" तो ओरडला. सोनारानं हजार म्हटलं, अण्णानं दोन. अध्यक्ष डोळे वटारू लागले, खोकू लागले. अण्णाला वाटलं, बोली आणखी चढवायला सांगताहेत.

"पाच हजार! बिचाऱ्यांची पोरंबाळं उघड्यावर पडता कामा नयेत!"

"अहो अण्णा, ते गरजू कुटुंब तुमचंच आहे!" अध्यक्ष माइकवरच किंचाळले. "सरळ दिलं तर तुम्ही घेत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप!"

मांडवात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. लिलाव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी पार्वताबाईनं नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. बोली सात हजारांवर गेली आणि अण्णानं हिसडा देऊन एक हात सोडवलाच.

"अण्णा, नको!" अख्खा मांडव ओरडला.

पण त्याला फक्त डोळे पुसायचे होते.