उलटं बटण

पहिली क्लिप उघडली तेव्हा पडद्यावर फक्त सपाता होत्या. निळ्या, मऊ, डाव्या सपातेची शिवण उसवलेली.

तिने दुसरी उघडली. सपाता. तिसरीत सपाता आणि खुर्चीचा पाय. चित्र हाय डेफिनिशन, इतकं स्वच्छ की शिवणीचे टाके मोजावेत. वरून कुठून तरी आईचा आवाज येत होता.

तिला लगेच कळलं. लोकांचे घरगुती व्हिडिओ जुळवून देण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती, आणि या दुखण्याला तिच्या धंद्यात नावच होतं: उलटं बटण. हौशी माणूस लाल दिव्याकडे न बघता बटण दाबतो, एकदा चुकतो, आणि तिथून सगळं उलटं पडत जातं. चालू केला असं वाटतं तेव्हा कॅमेरा बंद होतो, आणि बंद केला म्हणून खाली धरला की जमीन टिपत बसतो. एका गृहस्थांनी मुलीचं अख्खं लग्न असं गालिच्यात घालवलं होतं.

एकाच गोष्टीचं तिला नवल वाटलं. खाली धरलेला कॅमेरा हिंदकळतो. हा कुठेच हलला नव्हता. बाबांचा हात पहिल्यापासून स्थिर, एवढंच ती मनाशी म्हणाली.

बाबा शेजारी बसले होते. मान पडद्याकडे, नजर कुठेच नाही. आई गेली त्याच सुमारास त्यांचे डोळेही गेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. त्याआधीचे चार महिने मुठीत मावणारा हा कॅमेरा घेऊन ते आईपाशी बसून असत. ती स्वतः तेव्हा दूरदेशी. आई फोनवर भरभरून बोलायची, पण व्हिडिओ कधी लावायची नाही; म्हणायची, नेटवर्क धड नाही गं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचा शेवटचा चेहरा असलाच तर कॅमेऱ्याच्या या मेमरी कार्डांत होता.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं. "अगं, त्याचं असं झालं की…"

तुमचे चार महिने जमिनीवर गेले, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? खोटं बोलायचं नाही हा नेम तिला आईनेच घालून दिला होता. आजवर तिने तो मोडला नव्हता.

"आई दिसतेय, बाबा," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसलीय. वेणी घातलीय, पुढे घेतलीय खांद्यावरून."

बाबांची मान पडद्यावरून तिच्याकडे वळली.

"वेणी," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. "हसतेय का?"

"हसतेय."

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला बाबा एक कार्ड घेऊन येऊ लागले. एकच. ती आवाज लावी आणि त्यावर चित्र रचत जाई. साखरेचा डबा वर कुणी ठेवला म्हणून आई बाबांना टोमणा मारी, की ती भुवया चढवलेली आई सांगे. आई खोकली, की ती आईला पाणी पिताना सांगे. खोटं इतकं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. बाबा डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाले, तुझ्याकडची आई फार तरुण दिसते बाई. ती चपापली, पण ते शांतपणे चहा पीत होते.

ते उठून गेले की ती प्रत्येक क्लिप पुन्हा सावकाश पुढे सरकवी. कुठे आरसा, कुठे खिडकीची काच, काहीतरी. एकदा फक्त सपात सरळ करायला एक हात खाली आला. काटकुळा, निळ्या शिरांचा. तिने चित्र तिथे थांबवलं आणि खूप वेळ बघितलं. तो हात तिच्या ओळखीचा नव्हता.

अकराव्या दिवशी बाबांनी खिशातून कार्ड काढलं. "हे सगळ्यात पहिलं," ते म्हणाले. "मागे ठेवलं होतं."

सपाता. शिवण अजून उसवली नव्हती.

"अहो, शब्द दिलाय हं तुम्ही," आईचा आवाज आला. "चेहरा घ्यायचा नाही. डोक्यावर एक केस राहिला नाही माझ्या. पोरीने असं बघायला नको."

"नाही घेत," बाबांचा आवाज. "पायांवर रोखून ठेवलाय कॅमेरा. तू नुसती बोल."

क्लिप संपली. तिचा हात माउसवर तसाच राहिला.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "सांग ना. आज वेणी घातलीय का?"