गाठीच्या खाली

"पप्पा, खरं सांगा, ह्या गुलाबाला शेवटचं फूल कधी आलं?"

प्रज्ञानं विचारलं आणि कुंपणापलीकडे तिच्या मैत्रिणीनं, मुबश्शिरानं, हसू दाबायला ओढणीच तोंडात कोंबली. "विचारून दाखव, मग मानते तुला," असं काल शाळेतून येताना तीच म्हणाली होती. प्रज्ञाच्या वडिलांच्या, भीमराजच्या, गुलाबाबद्दल आळीत कुणी काही विचारायचं नसतं. फक्त कौतुक करायचं असतं.

भीमराज कात्री फडक्यानं पुसत होता. राजूर गावात थंडीनं बोलताना तोंडातून वाफा निघायला लागल्या, की तो छाटणीला बसायचाच.

"औंदा येनार," तो म्हणाला. "जोम बघ की त्याचा. माझ्या डोक्याच्या वर गेलाय."

"मागल्या साली बी तुमी हेच म्हनले हुते," ओट्यावरून प्रज्ञाची आई बोलली. "पौर्णिमेला बुद्धवंदनेची फुलं मी आपली बाजारातूनच आनते."

"चहाची पत्ती घालतो, शेनखत घालतो. अजून काय करायचं मानसानं?" भीमराज उकिडवा बसला. जाडजूड हिरव्या फांद्यांच्या मधे एक बारकी काडी होती, पानांचे तीन-चारच देठ असलेली. त्यानं कात्रीचं तोंड तिच्यावर धरलं. "ही मरतुकडी काढली, की बाकीच्यांना बळ येईल."

"थांबा!"

प्रज्ञानं सरळ हातच मधे घातला. काटा चांगला खोल लागला. तिनं हात काढला नाही.

"ही नाही कापायची. ही सोडून सगळ्या कापायच्या."

मुबश्शिराच्या तोंडातून ओढणी सुटली. पैज एवढी नव्हती.

"वाढतंय ते कापायचं आन् मरतंय ते ठिवायचं? हे शिकवत्यात व्हय शाळेत?"

"शाळेत नाही, बाजारात. रोपंवाल्या कल्याणमामांना दोन्ही पानं नेऊन दाखवली मी. जाड फांदीच्या एकेका देठाला सात-सात पानं आहेत. ह्या काडीच्या देठाला पाच-पाच." ती बोलता बोलता बोटांनी माती उकरत होती. बुंध्यापाशी सुपारीएवढा फुगवटा उघडा पडला. "ही कलमाची गाठ. गाठीच्या वर तुमचा गुलाब. खाली रानटी खुंट; बळ तो खातो, फूल देत नाही. आता बघा, तुमच्या जोमदार फांद्या कुठून निघाल्यात."

भीमराजनं पहिल्या फांदीवर बोट ठेवलं आणि ते खाली मातीपर्यंत नेलं. मग दुसरीवरून. मग तिसरीवरून. प्रत्येक वेळी बोट गाठ ओलांडून खाली गेलं. गाठीच्या वर एकच फांदी होती, पेन्सिलीएवढी बारीक. तिच्या शेजारी जुन्या छाटणीचे सुकलेले खुंटारे होते. सहा-सात तरी असतील. सगळे त्याच्याच कात्रीनं नीट, तिरपे कापलेले.

त्यानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

"आन् हीबी जळाली तर?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "आत्ता दारात हिरवं तरी हाय काहीतरी."

आई ओट्यावरून उतरून जवळ आली. "ऐक की गं. बोडकं दिसंल सगळं. लोक हसतील त्यांना."

प्रज्ञानं वडिलांच्या हातातून कात्री घेतली. त्यानं ती दिली. तिनं ती बाजूला ठेवली; नुसतं कापलं की रानटी खुंट पुन्हा फुटतो. मग तिनं पहिली जाड फांदी बुडाशी धरली, पाय रोवले आणि मुळापासून ओढून काढली. डोक्याइतकी उंच फांदी अंगणात आडवी झाली.

"पप्पा, मम्मी, दोघंही ऐका," ती म्हणाली. बोटातून रक्त येत होतं, ते तिनं गणवेशालाच पुसलं. "आजपासून हा गुलाब माझा. फूल आलं, तर वंदनेला पप्पांनीच ठेवायचं. आणि नाही आलं, तर आळीत सगळ्यांना सांगायचं, प्रज्ञानं मारला. माझं नाव घेऊन सांगायचं."