सातवा खांब

साहेबांनी परवानगीच्या कागदावर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "अहो, बोला लवकर. जड गाड्या सोडायच्या का पुलावर?"

तो पडद्यासमोर उभाच होता. खुर्चीत बसवत नव्हतं. बायकोने चार वर्षं पुलाच्या बारा खांबांची पातळी रोज नोंदवली होती, आणि जाण्याआधी महिनाभर लिहून ठेवलं होतं, सातवा खांब खचतोय. तिचा प्रोग्रॅम संगणकाच्या जुन्या भाषेतला. तो त्यानेच या आठवड्यात नव्या भाषेत आणला होता. आता पडद्यावर बारा खांबांच्या बारा रेषा होत्या. सगळ्या करवतीसारख्या दातेरी, आणि एकही सलग खाली जात नव्हती.

"जुन्या-नव्या आकड्यांची बेरीज जुळते ना?"

"दशांशासकट जुळते."

"मग झालं तर. वहिनी शेवटी शेवटी आजारी होत्या. होते चूक. मनाला लावून घेऊ नका."

त्याने पेला तोंडाला लावला. रिकामा होता. ती चुकली? वाण्याची यादीसुद्धा दोनदा तपासायची ती.

तो पडद्यावर बोट ठेवून दाते मोजू लागला. एक खाच, मग अकरा आकडे नीट. पुन्हा खाच. पुन्हा अकरा.

"यंत्राचा दोष असेल हो."

"दोष इतका शिस्तीत येत नाही, साहेब."

दर बाराव्या आकड्याला खाच. आणि खांबही बाराच. जुनी भाषा तक्ता उभ्या रांगांनी भरायची, एका दिवसाचे बारा खांब एकाखाली एक. नवी आडव्या रांगांनी भरते. त्याने आकडे सगळे आणले, पण भरायचे कसे ते सांगायला विसरला. सातव्याचं खचणं बाराही खांबांत थोडं थोडं वाटलं गेलं होतं. चूक होती, ती त्याची.

त्याने प्रोग्रॅममध्ये उभ्या रांगांसाठीचा एक शब्द घातला. अकरा रेषा सरळ झाल्या. सातवी उतरत गेली, उतरतच गेली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे देवा. म्हणजे खरंच खचतोय?"

"खचतोय!" तो जवळजवळ ओरडलाच. "खचतोय साहेब, खचतोय!"

कुणाला बढती मिळाली की काय, म्हणून पलीकडच्या टेबलांवरच्यांनी माना वर केल्या.